मांडीवरची लस

लसीकरणाच्या खोलीचा नियम साधा होता. बाळ आत, आई बाहेर. दारावर तशी पाटीच होती. मावशी बाळाला उचलून आत आणायची, टेबलावर उताणं ठेवून पाय घट्ट धरायची आणि सुईताई टोचायची. तासाला तीस बाळं! अठरा वर्षं सुई चालवून तिला 'सुईताई' हे नाव चिकटलं होतं आणि तिला त्याचा तोराही होता. बाहेर आया कानांवर हात ठेवून उभ्या असायच्या. "बाळं रडायचीच," सुईताई म्हणायची. "न रडायला ती काय म्हातारी आहेत?"

मग तिला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ती गेली ती तेवढाच आराम मिळेल म्हणून. तिथे पडद्यावर दाखवलं, की आई खुर्चीत बसलीय, बाळ छातीशी दूध पितंय आणि नर्स त्याच्या मांडीत सुई टोचतेय. बाळाने कपाळाला आठी घातली, जरा कुरकुरलं आणि पुन्हा प्यायला लागलं. सुईताईने तो तुकडा परत लावायला सांगितला. अठरा वर्षं आपण बाळांना आयांच्या कुशीतून ओढून नेलं आणि वर फुशारक्या मारल्या! तिला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण लाज वाटून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. परतल्यावर पहिल्याच लसीच्या दिवशी तिने त्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टॉवेलची गुंडाळी घेऊन ती बाकावरच्या आयांपुढे उभी राहिली.

"हे बाळ. असं उभं धरायचं, छातीशी. एक हात पाठीवर, दुसऱ्याने पाय धरायचा. सुईच्या थोडं आधीच पाजायला घ्या आणि सुई निघाली तरी पाजत राहा. बाटलीवरचं असेल तर कुशीत घ्या, बोला त्याच्याशी. आणि 'काही नाही झालं, काही नाही झालं' असं घोकू नका. झालंय त्याला!"

कोपऱ्यातून एक बाई हळूच म्हणाली, "ताई, मला नाही जमायचं. माझे हात थरथरतात." ती कपडे शिवायची, हे सुईताईला ठाऊक होतं.

"सुईत दोरा ओवताना थरथरतात?"

"नाही."

"मग झालं तर."

तीन महिने असे गेले, आया आत येऊन बाळाला पाजत बसायच्या आणि सुईताई मांडीवरच टोचायची. मोठे डॉक्टर आधी नुसते घड्याळ बघत होते, मग एक दिवस भडकले. "तिसाची अठरा बाळं झाली तासाला! आणि पिताना दूध श्वासनलिकेत गेलं म्हणजे?"

"तीन महिन्यांत एकालाही ठसका लागला नाही. उताणं पाडून किंचाळायला लावायचो तेव्हा लागायचा. तो मी डोळ्यांनी पाहिलाय."

"हा दवाखाना आहे बाई, माहेर नाही."

"तुरुंगही नाही, साहेब."

दुसऱ्याच दिवशी तिची रवानगी फायलींच्या खोलीत झाली. डॉक्टरांना ती भीत नव्हती. तिला भीती एकच होती, की आपण नसलो की ते दार पुन्हा बंद होईल आणि सगळं मुसळ केरात जाईल.

लसीचा वार आला. नवी नर्स अजून यायची होती, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच सुई हातात घेतली. फायलींची खोली शेजारीच. आता पहिलं रडणं ऐकू येईल म्हणून सुईताई जीव मुठीत धरून बसली. रडणं आलं नाही, चढलेले आवाज आले. मग मावशीच धापा टाकत आली. "ताई, चला! ती शिवणकामवाली बाळ सोडायलाच तयार नाही."

सुईताई धावली. बाकाशेजारची बुटकी खुर्ची त्या बाईने स्वतःच आत ओढून नेली होती आणि ती ठाण मांडून बसली होती. दारात बाकीच्या आया बाळं घेऊन दाटीने उभ्या होत्या.

"बाळ मावशींकडे द्या," डॉक्टर म्हणाले.

"नाही देणार. लस हवीय आम्हाला, घेतल्याशिवाय मी जाणार नाही. पण बाळ माझ्या मांडीवरच राहील. टोचा."

डॉक्टर सुईताईवर खेकसले, "समजवा यांना!"

"मी कशी समजावू साहेब? माझं काम आता फायलींचं."

दारात कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांनी तिकडे रोखून पाहिलं, पण एकही आई मागे सरली नाही. मावशीही हाताची घडी घालून भिंतीला टेकली. खुर्ची इतकी बुटकी, की उभ्याने बाळाच्या मांडीपर्यंत हात पोचेना. शेवटी डॉक्टरांनी पँट सावरली आणि एक गुडघा फरशीवर टेकला.

"थांबा," ती बाई म्हणाली. "अजून नीट प्यायला लागला नाही तो."

आणि डॉक्टर थांबले. एवढे मोठे डॉक्टर, हातात सुई धरून एका इवल्याशा पोराच्या मर्जीची वाट बघत राहिले. सुईताईला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. बाळाचे गाल हलू लागले.

"हं, आता."

सुई गेली, निघाली. बाळाने एक लाथ झाडली, ती थेट डॉक्टरांच्या चष्म्याला लागली, आणि ते पुन्हा पिण्यात गढून गेलं. चष्मा सारखा करत डॉक्टर उठू लागले, तोवर पुढची आई बाळाला पाजतच आत आली होती.

"उठू नका डॉक्टर," ती म्हणाली, "माझंही मांडीवरच टोचायचंय."