भिकुबाईच्या दाराचं तोंड

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही. ज्याला वाटेल त्याच्या घरी मी पोरगी देणार नाही. इतक्या भोळ्या घरात तिचं निभायचं कसं? पण हे घडलं माझ्या डोळ्यांदेखत, आणि तेव्हा माझे डोळे असे होते की गिरणा नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या म्हशीच्या अंगावरची गोचीड दिसायची.

पहिली मोठी लढाई संपली तो सुमार. एरंडोलकडच्या आमच्या गावात भिकुबाई ऐन तरुणपणी विधवा झाली. पोरगा पाळण्यात. वाटणीत तिला मोकळी जागा आली. जागेच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला थोरल्या दिराचं, उखर्डूचं, अंगण. भिकुबाईला घर बांधायचं होतं ते रस्त्याकडे तोंड करून. उखर्डू म्हणे, दार माझ्या अंगणात काढ. यातली मेख गावातल्या शेळ्यांनासुद्धा कळत होती. दार अंगणात निघालं की बाईचं येणंजाणं त्याच्या डोळ्यांखालून, आणि काही वर्षांत घरही त्याचंच.

"गवंडी मी देस," उखर्डू म्हणाला. "घरना माणूस शे."

भिकुबाईनं पदर पुढं ओढला आणि पदराआडून म्हणाली, "आबा, घर मनं शे. गवंडीबी मनाच ऱ्हाई."

थोरल्या दिराला असं उत्तर आमच्या गावात कुणी दिलं नव्हतं. ते ऐकून माझ्या हातातली चिलीम आपोआप विझली.

आता आमच्याकडे भिंती उठायच्या आधी दाराची चौकट उभी करतात. हळदकुंकू, नारळ, आंब्याचं तोरण, आणि मगच मातीला हात. भिकुबाईनं धुळ्याच्या वखारीतून सागाची चौकट आणवली, मोकळ्या जागेत आडवी टाकली आणि निरोप फिरवला: ज्याला काम पाहिजे त्यानं आधी ही उभी करून दाखवावी.

पहिला आला सुकदेव, उखर्डूचा माणूस. कुणाला काही न विचारता त्यानं चौकटीचं तोंड अंगणाकडे केलं आणि नारळासाठी हात पसरला.

"उचल," भिकुबाई म्हणाली. "आन तुना घर लाव."

दुसरा चुडामण, खास धुळ्याचा. धोतर इतकं पांढरं की बघणाऱ्याला शिंका याव्यात. त्यानं चौफेर नजर फिरवली. "घरात पुरुषमाणूस कोण? दाराचं त्यालाच विचारतो."

"पाळणामा शे. इचार."

चुडामण खरोखरच पाळण्यावर वाकला. पोरानं दिलेलं उत्तर मिशांवरून ओघळत असतानाच तो धुळ्याच्या वाटेला लागला.

तिसरा झुलाल. तोंडाचा फाटका, अर्ध्या धुळ्याशी भांडून बसलेला. त्यानं चौकटीला हातही लावला नाही. उकिडवा बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "अक्का, डोकावर हंडा ठेवीसन तू कोठून येशी?"

भिकुबाई उठली. हंडा डोक्यावर घेतला, रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून सरळ चालत आत आली. तिचं पाऊल जागेत पडलं तिथं झुलालनं टाचेनं रेघ ओढली. "आठे, या रेघवर, उंबरा."

"काम तुनं," भिकुबाई म्हणाली.

उखर्डू तणतणत आला. "या चौकटले हात लावशी ते गावमा तुले पानी भेटाव नही!"

"मंग माती कोरडीच कालवसू, आबा," झुलाल म्हणाला. "तू थुकी ऱ्हायना तेवढ्यावर भागी जाई."

चौकट उभी राहिली, नारळ फुटला, तोरण लागलं. दुसऱ्या दिवशी उखर्डू बैल घेऊन आला. एखाददुसरी जोडी नाही, गावातली बठ्ठी, झाडून सारी बैलं! बैलवाल्यांना दिलेला दम एवढा मोठा की शेजारच्या गावातल्या गाईही चारा सोडून उभ्या राहिल्या. चौकटीला दोर बांधले. भिकुबाई एका हातानं चौकट धरून उभी. कासरे सुटले, आसूड कडाडले. चौकट ढिम्म. बैलांनी खूर रोवले, माना खाली घातल्या आणि जीव खाऊन ओढलं. मग काय झालं? चौकट हलेना, तेव्हा जमीनच हलली! मधल्या खुंटीभोवती जातं फिरावं तसं अख्खं गाव त्या चौकटीभोवती फिरलं. मारुती विहिरीवर आला, विहीर खळ्यात गेली, आणि उखर्डूचं अंगण गरगरत जाऊन पडलं ते थेट गिरणेकाठी. आजही त्याच्या घरची माणसं दाराबाहेर पाऊल टाकतात ते पाण्यातच. चौकट मात्र...

"नाना, पुरे!"

मी गोष्ट सांगत होतो त्या ओट्याच्या कडेला शेंगा फोडत बसलेली कमलबाई बोलली. ही भिकुबाईची सून. माहेर जळगावचं, बोलणं रोखठोक.

"चौकट पहिल्याच हिसक्याला उपटली होती. मी त्या घरात नांदते, मला खुद्द सासूबाईंनी सांगितलंय. बैल गेले की त्या झुलालभाऊला म्हणायच्या, 'त्या उपटतीन, तू गाडत ऱ्हाय.' उपटली की गाड, उपटली की गाड. शेवटी बैलवाल्यांच्या पेरण्या अडल्या, तेव्हा तेच उखर्डूआबांना म्हणाले, आता तूच जुंपून घे. म्हणून दार राहिलं ते रस्त्याकडे. आणि गाव कुठं फिरलं हो? मारुती जिथल्या तिथं शे. खोटं बोलता तुम्ही!"