गप्प मशीनचा पत्ता

ज्ञानदेवकाकांच्या हातात मेमो पडला होता: मशीनची नेटवर्कची तार तुम्ही मुद्दाम काढता, चार वाजेपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नोकरी जाईल. वीस वर्षं चाकणच्या या कारखान्यात घासलेला माणूस! आणि पुरावा कुणाचा? तर नेटवर्क बघणाऱ्या अंजलीचा. 'नेटवर्कमध्ये दोष नाही' असं तिनंच लिहून दिलेलं, तेही जागेवरून न उठता.

"मी तारेला हातबी लावत न्हाई, मॅडम," काका एवढंच म्हणाले.

अंजलीला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त कोडं पडलं. मापं तपासणारी बारा मशिनं एकाच स्विचला जोडलेली. मग नेटवर्कवरून गायब होतं ते काकांचंच का?

लॅपटॉप घेऊन ती स्विचपाशी बसली. तारा जोडायचा हा डबा, कोणतं मशीन कुठे आहे ते आतल्या तक्त्यात लिहून ठेवतो. तक्ता भरलेला. भरलेला? अहो, निम्मी मेमरी तर ओस पडली होती! तिनं डोकं खाजवून पुन्हा पाहिलं. मेमरीचे वाटे पाडलेले होते. मोठा वाटा बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी, आणि इथे रस्ता एकच. मशिनांच्या पत्त्यांना चिमूटभर जागा, तीही नव्या कॅमेऱ्यांनी बळकावलेली. जे मशीन बराच वेळ बोलत नाही, त्याचा पत्ता स्विच पुसून टाकतो. काकांचं मशीन मोठे भाग तपासायचं, अर्ध्या तासानं एकदा आकडा पाठवायचं. तोवर त्याची जागा कॅमेऱ्यांकडे गेलेली.

"अगं बाई, असं आहे होय!" अंजली एकटीच हसली.

वाटे बदलले, पण स्विच बंद करून चालू केल्याशिवाय ते लागू होईनात. सुपरवायझर प्रज्वलनं कुरकुरत चहाच्या सुट्टीतली पाच मिनिटं दिली. काकांच्या मशीनचा आकडा आला. अर्ध्या तासानं पुन्हा आला.

"मिटलं ना? अहवालात 'कारण समजले नाही' असं लिहा आणि सोडा," प्रज्वल म्हणाला.

अंजलीनं लिहिलं, 'मेमरीची वाटणी चुकीची होती. मी तपासलीच नव्हती.' काकांना वाचून दाखवलं.

"मग आता मेमो तुमाला देतील?"

"देतील बहुतेक."

काका जरा घुटमळले. "तर मग माझ्याकडनंच तार ढिली झाली व्हती म्हणून लिवा की. माझी नोकरीची वरीस-दोन वरीसच ऱ्हायलीत, पोरी."

अंजलीचे डोळे भरून आले. "काका, गप बसा बरं," असं म्हणत तिनं खाली सही ठोकली.