झाडाचा घेर

ट्रकचं मागचं डावं चाक चिखलात अर्धं बुडालं, आणि क्रेनवाल्याने सवयीने खिशातला फोन काढला. त्या सगळ्या भागात गाडी कुठेही रुतली, उलटली, घसरली की लोक एकाच नंबरावर फोन करत. तोच नंबर त्याने शोधला. सापडला तेव्हा लक्षात आलं, की तो त्याचा स्वतःचाच आहे.

एवढ्या मोठ्या रानात तो एकटाच हसत सुटला. त्यात फोनला रेंजही नव्हती.

"घ्या," तो स्वतःला म्हणाला, "बोलवा आता मोठ्या क्रेनवाल्याला!"

तो निघताना गॅरेजमधला वायरमन हेच म्हणाला होता. "काका, तुम्हीच रुतलात तर आम्ही कुणाला उठवायचं?" अख्खं गॅरेज खदखदलं होतं.  क्रेनवाल्याच्या तोंडात मुळात शब्दच तीन, तेही दोर ओढतानाचे: सैल, ताण, बस. तेवढ्यावर आयुष्य निभावलं होतं त्याचं.

बायकोचं नव्हतं निभावत. ती गॅरेजला लागून असलेल्या खोलीत गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायची. केसांना रंग लागू नये म्हणून डोक्याला एक फडका बांधायची आणि आठाचा आकडा असा गुबगुबीत काढायची, की उचलून कडेवर घ्यावा. नवरा कुठल्या रानातून गाडी ओढून घरी आला, की ब्रश न थांबवता विचारायची, "कसं होतं हो रान?"

"झाडं होती."

"झाडं होती म्हणे! मग काय रानात विहिणी बसलेल्या असणार?" आणि मग तिचं ठरलेलं गाणं: "गेला वनानं, नि आला रिकाम्या मनानं!"

पुढे साखरेच्या दुखण्याने तिचे डोळे नेले. आता तिला उजेड कळे आणि सावली कळे, बाकी सगळं चाचपून. ब्रश गेले, पण फडका डोक्यावर राहिला. सकाळी उठली की आधी तो बांधायची. मागच्या आठवड्यात जेवताना ती एकदम म्हणाली, "अहो, एकदा कुणी न बोलावता जा की रानात. ट्रक आपला, सुट्टी आपली. एक रात्र राहा आणि माझ्यासाठी काहीतरी आणा."

"काय आणू?"

"बघून आणा. माझे डोळे गेले, तुमचे आहेत ना शाबूत? मग त्यातलं थोडं मला द्यायला काय जातं तुमचं?"

ती हसत म्हणाली, पण तिचा हात ताटाच्या कडेवरून फिरत राहिला, फिरत राहिला.

"तूही चल मग," तो म्हणाला.

"मला नेलंत तर तुम्ही माझ्या पायांखाली बघत बसाल. नकोच ते. धाकटी बहीण येईल माझ्या सोबतीला."

म्हणून तो आला होता. भरलेला ट्रक दरीतून वर आणणारा माणूस, पण एक धड वाक्य तोंडातून बाहेर ओढायला त्याला कधी जमलं नव्हतं. डांबरी रस्ता सोडून तो रानात शिरला, चारही चाकांना जोर दिला, आणि दुपारपर्यंत त्याने काय पाहिलं? चाकोऱ्या. दगड. डबक्याची खोली. उताराचा कल. इतक्या वर्षांची नजर, ती खालीच चालायची. तिला काय सांगणार? गाळ तांबडा होता? उद्या घरी जाऊन पुन्हा "झाडं होती" म्हटलं तर या वेळी ती गाणं म्हणणार नाही, गप्प बसेल. त्या गप्प बसण्याचीच त्याला धास्ती वाटत होती.

असो. आधी चाक.

ट्रकच्या तोंडाशी लोखंडी दोर गुंडाळणारं यंत्र होतं. दोर पुढच्या झाडाला बांधायचा, यंत्र फिरवायचं, गाडी आपली आपल्याला ओढून घेते. समोर एक खोड दिसलं. त्याने नेहमीसारखं कमरेच्या उंचीवर पाहिलं, सालीला जखम होऊ नये म्हणून पोतं लावलं आणि रुंद पट्टा भोवती टाकला. त्या पट्ट्यात आजवर कुठलंही झाड मावलं होतं. तो वळसा घालून आला, तर पट्ट्याचं दुसरं टोक खोडाच्या पल्याड कुठेतरी राहिलेलं.

दुसरा पट्टा कडीने जोडला. पुन्हा फिरला. टोकं अजून एकमेकांना ओळखत नव्हती. तिसरा जोडला, तो जेमतेम पुरला. कडी अडकवता अडकवता त्याला वाटलं, हे काय बांधतोय आपण? आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वर केली.

खोड वर जात होतं. जात होतं आणि संपत नव्हतं. पहिली फांदीच गावातल्या झाडाएवढी. तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुठल्या झाडाचं रोप रुजून मजेत वाढत होतं, बाळ आजोबांच्या खांद्यावर बसावं तसं. त्याच्याही वर पानं, पानांवर पानं, आणि मधूनच आभाळाचे तुकडे. मुंग्यांची एक रांग सालीवरून वर निघाली होती. तिचा शेंडा दिसेना. त्याने मान आणखी मागे टाकली आणि टोपी पडली. ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

पुढे मोकळ्या माळावर मुक्काम करायचा बेत होता, तो त्याने मोडला. पट्टे खोडालाच ठेवून दोर तेवढा यंत्रावर गुंडाळला. रुतलेल्या चाकाला म्हणाला, "राहा रे बाबा तसाच. घाई कुणाला आहे?"

ट्रकच्या हौद्यात अंथरूण घातलं, वरची ताडपत्री बाजूला सारली. संध्याकाळी पाखरं आली, इतकी, की झाडाला कंठ फुटल्यासारखं वाटलं. मग एकाएकी सगळं निवलं. अंधारात दवाचा एखादा थेंब खूप वरून निघे. या पानावरून त्या पानावर, टप्, टप्, आणि मध्ये केवढी तरी वाट. खाली पोचेपर्यंत क्रेनवाला त्याची वाट बघत राही. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं. उलट आपण अगदी लहान आहोत, आणि लहान असणं किती सुखाचं आहे, असं काहीसं वाटलं.

पहाटे उजेड आधी शेंड्याला लागला. मग फांदी फांदी करत, कुणी म्हातारं माणूस कठड्याला धरून जिना उतरतं तसा हळूहळू खाली आला. त्याच्या स्टोव्हपाशी पोचला, तेव्हा हातातला चहा गार झालेला होता.

"झाड," त्याने मोठ्याने बोलून पाहिलं. "झाड मोठं होतं." छे. पुन्हा: "खूप मोठं होतं." त्याचं त्यालाच रडू आल्यासारखं झालं. एवढं पाहिलं आणि हातात हे!

दोर परत जोडला, यंत्र फिरवलं. बांधलेलं झाड अशा वेळी थरथरतं, पानं गाळतं, हा त्याचा नेहमीचा अनुभव. त्याने तळवा खोडाला लावून ठेवला. एवढा ट्रक चिखलातून वर आला आणि त्या झाडाला पत्ताही नव्हता. तो पट्टे सोडायला वाकला, शेवटच्या कडीला हात घातला, आणि थांबला. दोन टोकं जिथे भेटली होती, तिथे त्याने खडूने खूण केली.

घरी मेहुणीने दार उघडलं. बायको आतून म्हणाली, "आलात? काय होतं?"

त्याचं तोंड उघडलं. "झाडं..."

आत गप्प झालं. ज्याची धास्ती होती, तेच.

"थांब," तो म्हणाला. "चपला काढ."

त्याने टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या बाहेर काढल्या, पट्टे खुणेवर जोडले आणि जमिनीवर गोल पसरायला लागला. मावेना. पलंग उभा केला. तरी मावेना.

"भावोजी, घर झाडायला काढलंय की काय?" मेहुणी म्हणाली.

गोल उंबरठ्यावरून बाहेर ओसरीत गेला आणि वळून आत आला. तेव्हा कुठे टोकं भेटली. त्याने बायकोचा हात धरला आणि तिचं पाऊल पट्ट्यावर ठेवलं.

"चाल."

ती अनवाणी चालू लागली, पट्टा पावलांनी चाचपत. भिंतीच्या कडेने, पलंगाच्या मागून. "अहो, हा उंबरठा. बाहेर निघालो आपण."

"अजून आहे."

ओसरीतल्या फरशा उन्हाने तापल्या होत्या. मग पुन्हा आतली गार जमीन. अखेर तिच्या अंगठ्याला लोखंडी कडी लागली.

"संपलं?"

"एवढं खोड होतं," तो म्हणाला. "एका झाडाचं."

तिने अंगठ्याने कडी पुन्हा चाचपली. मग हलकेच म्हणाली, "म्हणजे आत्ता आपण झाडाच्या आत उभे आहोत?"

"हो."

"आणि उंच? उंच किती होतं हो?"

त्याने तिचा हात धरून वर केला, आणखी वर, स्वतः टाचा उचलल्या. मग हात सोडला. "याच्या वरचं मला नाही सांगता यायचं. माझी टोपी पडली."

तिने तोंड वर केलं. मान मागे टाकत गेली, टाकत गेली, आणि तिच्या डोक्यावरचा फडका सुटून जमिनीवर पडला. तो उचलायला कुणीच वाकलं नाही.