भांग पाडणारा कारागीर

लिफ्टदुरुस्तीच्या वर्गाला एक फिल्म सक्तीची होती. जो बघणार नाही, त्यानं खड्ड्यात उतरायचं नाही, हा मोठ्या सरांचा दंडक. फिल्म कसली, तळमजल्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण: एक कारागीर मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप न घालताच लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो आणि वरून लिफ्ट येते.

तो कारागीर म्हणजे वर्ग घेणाऱ्या नव्या मॅडमचे वडील, तिचे अण्णा. मुलांना हे ठाऊक नव्हतं. "तू बाहेर थांब, मी लावतो," सर म्हणाले होते. "वर्ग माझा आहे, मीच लावते," असं ती बोलून बसली होती. पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं.

दिवा घालवला, तोच पहिल्या बाकावरची मुलगी उठली. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

"मॅडम, मला नाही बघायचं."

"मग खड्ड्यात उतरता येणार नाही."

"कुलूप घालायचं, कळलं की. त्यासाठी माणूस मरताना कशाला बघायचा?"

"बस गं, डोळे मीट," मागून एक जण म्हणाला. "संपली की उठवतो तुला."

"कुणीही डोळे मिटायचे नाहीत." तिचा आवाज चढला.

"तुम्ही पाहिलीय, मॅडम?" चिमणीनं विचारलं.

तिनं बटण दाबलं. थोड्या वेळानं वर्गात खसखस पिकली. सरांनी सांगूनच ठेवलं होतं, इथं दरवर्षी हसतात. कारागीर लिफ्टच्या चकचकीत दारात बघून भांग पाडतो.

"खाली अंधारात कोण बघणार आहे तुम्हाला?" आई विचारायची.

"लिफ्ट बघते ना," अण्णा म्हणायचे.

तिचा हात आपसूक बटणावर गेला. चित्र थांबलं.

"पुढं काय होतं, मॅडम?" मागचाच, पण आता आवाज बारीक.

"मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "ते माझे वडील आहेत."

चिमणी अजून उभीच होती, पडद्याकडे बघत.

"मॅडम... कुलूप त्यांच्या मागच्या खिशात आहे."

ती वळली. वर उचललेला हात, हातात कंगवा, आणि खिशातून डोकावणारी पितळी कडी. इतक्या वर्षांत हे कुणालाच दिसलं नव्हतं. सगळे लिफ्ट येण्याची वाट बघत बसलेले.

"इथपर्यंतच," ती म्हणाली. "सरांशी मी बोलते."

दिवा लावायला मात्र कुणी गेलं नाही. तीही नाही.