गालातले दात

लेकीची सर्दी हटेना आणि डोकं दुखायचं थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी कवटीचा आणि सायनसचा एक्स-रे काढायला सांगितला. 'कवटी' ऐकल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"अगं, फोटो तिच्या नाकाचा काढायचाय," सोबतीला आलेली मोठी जाऊ म्हणाली, "तू कशाला तोंड पाडून बसलीयस?"

पोरगी खुदकन हसली, तोंडावर हात धरून. पुढचा दात पडल्यापासून ती तशीच हसायची.

आत एक्स-रेवाल्याने तिला पाटीसमोर उभं केलं. "हनुवटी इथे टेकव. मोठ्ठा आ कर. श्वास धर... हं, सोड." पोरीने सोडला. काचेआड उभ्या आईचा तसाच राहिला.

"डॉक्टरांनाच दाखवा हं," असं बजावून त्याने पाकीट दिलं. पण आईला धीर कुठला? बाकावर टेकता टेकता तिने फिल्म काढून खिडकीला लावली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तोंडात दात होते ते होतेच. पण वर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, थेट गालांच्या हाडांत आणखी दात. दाटीवाटीने, वाकडेतिकडे.

"ताई, हे बघा."

जावेने चष्मा वर सरकवला. फिल्म दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मनी चिंती ते वैरी न चिंती. आत ठेव ते."

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "डावं सायनस भरलंय. हे पांढुरकं दिसतंय ना, इथे काळं दिसायला हवं; काळं म्हणजे आत हवा खेळती आहे. औषधाने मोकळं होईल. बाकी सगळं छान."

"आणि... हे?" आईने गालांतल्या दातांवर बोट ठेवलं.

"हे? पक्के दात. दुधाचे पडले की खाली उतरायचे. या वयात सगळ्याच पोरांचे असे आत दडलेले असतात. नसते, तर मी काळजी केली असती."

"घ्या," जाऊ म्हणाली. "हिने बाकावर बसल्या बसल्या पोरीचं ऑपरेशनसुद्धा उरकलं होतं."

"माझा पुढचा पण आहे?" पोरीने हळूच विचारलं.

डॉक्टरांनी एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन टेकवलं. "हा काय, वाटेवरच आहे."

पोरगी हसली. या वेळी हात तोंडावर गेला नाही. तेव्हा कुठे आईचा श्वास सुटला.

बाहेर पडताना जावेने विचारलं, "आता तरी दोन घास खाशील?"

"ताई, सडकून भूक लागलीय."