भात्यावरचा हात

रूपाने तिसऱ्या ओळीच्या मधोमध भाता थांबवला आणि लिलाबाईच्या हातातलं सूप हलायचं राहिलं. पेटी क्षणभर मुकी झाली, मग पुन्हा बोलू लागली. पुढच्या कडव्यातही तसंच. पोरगी चुकली असती तर लिलाबाईला काही वाटलं नसतं. शिकणारं माणूस चुकायचंच. पण ही चुकत नव्हती. डोळे मिटून, मोठ्या श्रद्धेने, नेमकी त्याच जागी थांबत होती.

समोर सतरंजीवर बसलेले तिचे गुरुजी, लिलाबाईचा नवरा जानराव, मान डोलवत होते.

रूपा मानोऱ्याला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. सुटी झाली की इंझोरीची गाडी धरायची आणि घरी जायच्या आधी इथे पेटी शिकायला बसायची. जानराव गुरुजींकडे एके काळी अर्धी वस्ती शिकून गेली. आता ती एकटीच उरली होती. बाकीची पोरं मोबाईलवर बघून शिकतात, असं लिलाबाई सांगायची, आणि वर म्हणायची की मोबाईल कान पिळत नाही, म्हणून गोड लागतो.

जानरावांना लकवा मारला त्यात डावा हात गेला, तोंड एका बाजूला वाकलं, जीभ जड पडली. तेव्हापासून त्यांनी गाणं सोडलं ते सोडलंच. ज्या माणसाचं गाणं असलं की जयंतीच्या मंडपात लोकांना बसायला जागा मिळायची नाही, तो चहासुद्धा खुणेने मागू लागला. आणि पेटीला तर दोन हात लागतात. एक पट्ट्यांवर, एक भात्यावर. मुलगा रवी पुण्याहून फोनवर म्हणाला, बाबाले आता आराम करू दे. लिलाबाईने त्याला सुनावलं, की आराम तुझ्या सासऱ्याला दे, त्याने जन्मभर तेवढंच केलं आहे. फोन ठेवला आणि ती पेटीच्या मागच्या अंगाला, नवऱ्याच्या समोर मांडी घालून बसली.

"तुमी वाजवा," ती म्हणाली. "हवा माह्याकडं."

असे दोघे मिळून एक गुरुजी झाले. सा कुठला आणि प कुठला, हे लिलाबाईला आजही सांगता आलं नसतं. चौथीतच शाळेने तिला सोडलं की तिने शाळेला, हा वाद अजून मिटायचा होता. पण नवऱ्याची गाणी तिने भाकरी थापताना, निंदण करताना, लेकराला पाजताना ऐकलेली. कोणत्या शब्दाला किती हवा लागते, ते तिच्या मनगटाला ठाऊक होतं.

मग गेल्या थंडीत उजव्या हाताची बोटंही दगा देऊ लागली. एखादं बोट शेजारच्या पट्टीवर घसरायचं. समोर बसलेल्या लिलाबाईला ते आधी कळायचं, कारण बोट घसरायच्या आत त्यांच्या डोळ्याखालची शीर उडायची. पहिल्यांदा तिने भाता थांबवला तो घाबरून. पेटी जुनी, आतलं कातडं फाटलेलं, हवा साठून राहायची नाही. हात थांबला की आवाज थांबला. चुकीचा सूर बाहेर पडलाच नाही. जानराव पेटीवर चिडले, ही बुढी हवा खाते म्हणाले. लिलाबाईही म्हणाली, खाते खरी.

त्या दिवसापासून तिने तेच धरलं. घरातली गोष्ट घरात राहावी, तशी नवऱ्याची चूक भात्यात राहू लागली. यात कुणाचं काही बिघडत नाही, असं तिला वाटलं होतं. पोरगी सुरांबरोबर त्या मुक्या जागाही उचलते आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रूपा थांबली तरी जानराव तेही पेटीच्याच माथी मारत.

आज वाजवून झाल्यावर रूपा कपबशा विसळायला मागच्या अंगणात आली, तेव्हा बाकीचं कळलं. वाशीमच्या देवमनला आपल्या गायन पार्टीत पेटीवर माणूस हवं होतं. रूपा रविवारी जाऊन वाजवून आली होती. गाणं वाजवलं ते जानरावांचंच, त्यांनी स्वतः बांधलेलं. देवमनने मध्येच हात वर करून विचारलं, की इथे दम लागतो काय. पार्टीतली माणसं हसली.

"मंग तू काय म्हणली?" लिलाबाईने विचारलं.

"म्हणलं, आमच्या गुर्जीचं असंच हाये."

"आन थो?"

"थो म्हणे, म्या गुर्जीले आयकलं हाये, ते कुठीच थांबत नोते." रूपाने कप उपडा ठेवला. येत्या रविवारी त्याने पुन्हा बोलावलं होतं. सरळ वाजवता आलं तर ये, नाहीतर दुसरं माणूस तयार आहे म्हणाला. "मी बी तसंच वाजवनार हाये. पार्टी गेली तं गेली. माह्या गुर्जीचं गानं मी त्याच्यासाठी बदलू?"

"थांबू नको वं तिथं," लिलाबाई म्हणाली. "सरळ जाय."

"गुर्जी थांबतेत."

"मी सांगून राह्यली ना तुले."

"आजी, तुमी भाता हालवता. पेटीतलं तुमाले काय समजते?"

पोरगी वाईट हेतूने बोलली नव्हती. बोलता बोलता बशी पुसत होती. पण भल्याभल्यांना दारातून परत लावणाऱ्या लिलाबाईने उपडा कप उचलून उगाच पुन्हा विसळला. उत्तर होतं एकच, आणि ते दिलं की गुरुजींची बोटं गेली, हे जगजाहीर झालं. दिलं नाही तर ही वेडी पोरगी दुसऱ्याची चूक मिरवत वाशीमला जाणार आणि हसं करून घेऊन परत येणार.

रात्रीच्या जेवणात तिने नवऱ्याकडे विषय काढायचं ठरवलं होतं. पण जानराव त्या दिवशी खुशीत होते. घास गिळून, एकेक शब्द जोडत ते म्हणाले की रूपाच्या हातात आपलं गाणं जसंच्या तसं गेलं, आता मरायला हरकत नाही. लिलाबाईने त्यांना आणखी वरण वाढलं.

शनिवारी रूपा आली. जानराव पट्ट्यांपाशी, लिलाबाई समोर भात्यावर, पोरगी बाजूला. गाणं सुरू झालं. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीच्या मध्यावर डोळ्याखालची शीर उडाली. लिलाबाईचा हात सवयीने थांबू लागला, आणि तिने तो थांबू दिला नाही. उलट जोराने लोटला.

चुकीचा सूर बाहेर आला. चांगला मोठा, बेसूर, खोलीभर.

जानराव थबकले. पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाले. त्याच जागी तोच सूर. आणखी एकदा. या खेपेला पुढची जागाही चुकली. रूपाने डोळे उघडले आणि सतरंजीच्या काठाकडे बघत राहिली.

जानरावांनी हात उचलला. पेटीकडे नाही, बायकोकडे पाहिलं.

"रवीची माय. कवापासून?"

"थंडीपासून."

"आन मी पेटीले शिव्या देत होतो."

"तिले काय लागते शिव्या. लाकूड थे."

ते हसले नाहीत. उजवा हात उलटा-सुलटा करून बघत बसले. ते भडकले असते तर बरं झालं असतं. त्यासाठी लिलाबाई तयारीत होती, चार गोष्टी तिने सकाळपासून जुळवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही कामाला आली नाही.

"रूपा," ते म्हणाले, "पेटी तुह्याकडं घे."

रूपाने पेटी ओढून फिरवली. लिलाबाई भात्यावरून हात काढायला विसरली होती. पेटी सरकली तसा तो सुटला.

"तिथं थांबनं नाई. तिथं सूर हाये. माह्या बोटाले थो गवसत नाई, म्हून तुले आयकू आला नाई."

"मंग कसा हाये गुर्जी?" रूपाने हळूच विचारलं.

बोटाने दाखवायची सोय नव्हती. जानरावांनी घसा खाकरला. ते गाणार, हे लिलाबाईला कळलं. राहू द्या, असं तिच्या ओठांवर आलं, ते तिने गिळलं.

ते गायले. तो पूर्वीचा आवाज नव्हता. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून, एकमेकांना धरून, घरंगळत बाहेर येत होते. पण ओळ एका दमात त्या जागेवरून गेली. तिथे जरा वर चढली, वळली आणि खाली उतरली. रूपा पट्ट्यांवर चाचपडली. सूर सापडला, हरवला, पुन्हा सापडला. जानरावांनी मान हलवली आणि तीच ओळ परत धरली. या वेळी पेटी त्यांच्याबरोबर निघाली आणि कुठे थांबली नाही.

वाकड्या ओठातून लाळ सुटून हनुवटीवर आली. लिलाबाईचा हात पदराकडे गेला. मग तिने तो मांडीवर परत ठेवला. जानरावांनी स्वतःच मनगटाने तोंड पुसलं आणि पुढची ओळ उचलली.