नानांना पटलं

रत्नमालानं लिहिलेलं लोकांना पटायचं. इतकं पटायचं, की सोसायटीतलं पार्किंगवरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण तिनं ग्रुपवर टाकलेल्या एका मेसेजनं मिटलं होतं. ज्यांनी एकमेकांच्या गाडीची हवा सोडली होती, तेच दुसऱ्या दिवशी "आधी तुम्ही लावा" म्हणायला लागले. नवऱ्याला, आकाशला, कंपनीत रजा हवी असली की अर्ज तीच लिहायची आणि साहेब मुकाट्यानं सही करायचा. नळाला आठवडा आठवडा पाणी नसलं की शेजारणी टँकरवाल्याला फोन करकरून घसा बसवून घ्यायच्या. हिनं चार ओळी लिहून पाठवल्या की टँकर तासाभरात फाटकाशी हजर व्हायचा.

पोटासाठीही ती हेच करायची. शहरातल्या निराला बाजारात एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत जाहिरातींचं ऑफिस होतं, तिथं ती मजकूर लिहायची. साड्यांचा सेल, शाळेचे प्रवेश, पाणी शुद्ध करायचं मशीन, जे येईल ते. ऑफिसचे मालक विश्वजीत सर माणूस म्हणून तापट, पण धंद्यात मुरलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं होतं, "हजार लोकांना लिहू नको. एकाला लिही. तो एक माणूस डोळ्यांसमोर आण, त्याचं कुठं दुखतं ते शोध आणि नेमका तिथं हात ठेव." रत्नमालानं ते असं काही आत्मसात केलं, की गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन काम द्यायला लागली.

तिचा सगळ्यात मोठा चाहता घरातच होता. तिचे वडील कचरू, म्हणजे नाना. फुलंब्रीकडच्या गावातून तरुणपणी आले आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर उभं आयुष्य काढलं. वाचायला ते उशिरा शिकले, विहारात संध्याकाळी भरणाऱ्या वर्गात, मिसरूड फुटल्यावर. म्हणून असेल, छापलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास. पेपरात आलेलं ते वाद न घालता मानायचे, आणि लेकीनं लिहिलेलं तर त्याच्याही वर. रत्नमालाची आई गोजरबाई गेल्यावर नाना लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हापासून तिची प्रत्येक जाहिरात ते आधी मनात वाचायचे, मग मोठ्यानं वाचायचे, मग विहारात नेऊन म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचे.

एकदा तर ते रिक्षातून पाणी शुद्ध करायचं मशीनच घेऊन आले. घरात एक होतंच. पण जाहिरातीत लिहिलं होतं, आपल्या माणसांच्या पाण्याबाबत तडजोड करू नका. आकाश पोट धरून हसला. रत्नमालाही हसली. "नाना, ते मी गिऱ्हाइकांसाठी लिहिलंय हो," असं ती म्हणाली. नाना ओशाळून म्हणाले, "आता मला काय ठावं? तू लिहिलंय म्हणल्यावर खरंच असंल ना माय." त्या दिवशी हसण्याऐवजी दोघांनी जरा विचार केला असता तर बरं झालं असतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या भाबडेपणावर आपण हसतो, ते इतकं सोयीचं असतं.

पुढं पावसाळा सरता सरता ऑफिसात 'निवांत'चं काम आलं. फुलंब्री रस्त्याला एकानं वृद्धांसाठी निवास बांधला होता. वृद्धाश्रम म्हणायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. खोल्या तयार, स्वयंपाकी ठेवलेला, नर्स ठेवलेली, फक्त माणसं यायला तयार नव्हती. व्यवस्थापक रामकिसन पाटील रडकुंडीला आलेला. "मॅडम, लोक बघून जातात, चांगलं हाय म्हणतात आणि परत येत नाहीत," तो म्हणाला. त्यानं स्वतः लिहून आणलेल्या कागदात निसर्गरम्य परिसर होता, अद्ययावत सुविधा होत्या. विश्वजीत सरांनी तो कागद बाजूला सरकवला आणि रत्नमालाकडं बघितलं.

ती खुर्चीत डोळे मिटून बसली. कोण वाचणार हे? एक म्हातारा माणूस. आणि समोर नाना आले. दुसरं कोण येणार होतं?

सकाळी ती आणि आकाश निघाले की नाना गॅलरीच्या जाळीपाशी उभे राहतात, हे तिला दिसलं. एका कपासाठी कुठं गॅस पेटवायचा म्हणून दुपारचा चहा टाळतात, हे दिसलं. पेपर संपला तरी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात. विहार जुन्या वस्तीत, तिथं जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात, म्हणून हल्ली जाणंही कमी झालंय. संध्याकाळी तिनं दार उघडलं की नाना बोलायला तोंड उघडतात आणि तिच्या हातात मोबाईल बघून मिटतात. हे सगळं तिला माहीत होतं. किती बारकाईनं माहीत होतं, याचं त्या वेळी तिला फक्त बरं वाटलं, कारण मजकूर भराभर सुचत होता.

तिनं लिहिलं: "सकाळी सगळे कामाला गेले, की घर केवढं मोठं होतं ना? चहा एकट्यासाठी टाकायचा कंटाळा येतो ना? तुम्ही कुणाला सांगणार नाही, आम्हाला माहीत आहे. मुलं वाईट नाहीत. त्यांना वेळ नाही." पुढं बाकावरच्या गप्पा आल्या, चारचा चहा आला, बरोबरीची माणसं आली. शेवटी काहीतरी जोरकस हवं होतं. तिनं जरा थांबून लिहिलं: "तुमची मुलं दिवसभर कामावर असतात, पण त्यांचा जीव घरात तुमच्यापाशी अडकलेला असतो. नाना पडले तर नसतील? नाना जेवले असतील का? त्यांच्या जिवाचा हा घोर फक्त तुम्हीच मिटवू शकता." मग 'नाना' खोडून तिथं 'बाबा' केलं.

रामकिसननं ते उभ्या उभ्या वाचलं आणि डोळे पुसले. विश्वजीत सर कधी कुणाची स्तुती करत नसत, तेही म्हणाले, "जमलं." त्या दिवशी ती घरी जाताना बालूशाही घेऊन गेली.

छापून आलेलं माहितीपत्रक नेहमीप्रमाणं नानांच्या हातात पडलं. त्यांनी ते मनात वाचलं. मोठ्यानं मात्र वाचलं नाही. हे रत्नमालाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण त्या आठवड्यात शाळेच्या जाहिरातीची घाई होती.

एका रविवारी सकाळी ती उठून बाहेर आली, तर नाना आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसलेले. पायाशी त्यांची रेक्झिनची बॅग. समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो भिंतीवर होता, त्यापुढं अगरबत्ती लावलेली.

"कुठं निघाले नाना? गावाकडं?"

"नाय. त्या निवांतला. फोन केला व्हता म्या. ये म्हणले."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती हसली. मशीनच्या वेळी हसली होती तशीच. "अहो नाना, ती जाहिरात आहे!"

"व्हय. तूच लिहिली ना?"

"मी लिहिली, पण तुमच्यासाठी नाही लिहिली."

नानांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, रुसवा नव्हता. "माय, त्यात समदं माझंच हाय. चहाचं हाय. घर मोठं व्हतं ते हाय. तुला एवढं ठावं हाय ते मला ठावं नव्हतं बघ. वाचून लई बरं वाटलं. तोंडानं बोलायला तुला जड गेलं असंल म्हणून तू लिहून सांगितलं. मी समजून घेतलं."

रत्नमाला तिथंच खाली फरशीवर बसली. आकाश दात घासता घासता दारात येऊन थांबला.

"नाना, असं कामून करता? इथं तुम्हाला काय कमी आहे? लोक काय म्हणतील? नातेवाईक तोंडात शेण घालतील आमच्या."

"लोकाचं सोड. पैशाचं बी सोड, माझा फंड हाय. तुहा जीव घोरात राहतो दिवसभर, ते मला बघवत नाय. मी पडलो का, जेवलो का. कामात ध्यान कसं लागंल तुहं? तुह्या मायला बी असंच व्हायचं, मी रातपाळीला असलो की."

आता तिला कळलं की अडकलंय कुठं. ते शेवटचं वाक्य. त्याच एका वाक्यासाठी नाना घर सोडून निघाले होते आणि नेमकं तेच वाक्य खोटं होतं. ऑफिसात शिरलं की तिला नानांची आठवण यायची नाही. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची, तोही कधी बंद पडला तिलाच सांगता आलं नसतं. घोर बिर काही नव्हता. नानांना थांबवायचं तर हे सांगायला हवं होतं.

तिनं सांगितलं. नानांचा हात धरून, कळवळून सांगितलं. "नाना, ते मी उगाच लिहिलंय हो. खोटं आहे ते. माझा जीव काही अडकत नाही तुमच्यात. कामावर गेले ना, की दिवसभर तुमची आठवणसुद्धा येत नाही मला. खरंच सांगते."

बोलून झाल्यावर ते शब्द तिच्या स्वतःच्या कानांवर पडले. एवढी पटवून देणारी बाई, आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी खरं बोलली तर हे बोलली.

नानांनी तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवला आणि बॅगेची चेन लावली.

"मग तर बरंच हाय की," ते म्हणाले. "तुला बी तरास नाय व्हायचा मागून."

त्यापुढं तिनं खूप प्रयत्न केले. रडली, ओरडली, नातेवाइकांना फोन लावले. नाना निवांतला गेल्यावर रोज लांबलचक मेसेज लिहिले, आईची शपथ घातली, दिवाळीला तरी घरी चला म्हणून विनवलं. आजवर तिनं कुणासाठी लिहिलं नव्हतं असं लिहिलं, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. नानांचं उत्तर यायचं, "छान लिहिलं. मी मजेत हाय." हळूहळू मेसेज आखूड झाले, पुढच्या रविवारी नक्की येते, एवढेच. पहिल्या महिन्यात ती एकदा जाऊन आली, मग लग्नसराईच्या जाहिराती सुरू झाल्या आणि जाणं राहत गेलं. वाईट तिला रोज वाटायचं, पण वाईट वाटून फुलंब्री रस्ता काही जवळ येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर रामकिसनचा ऑफिसात फोन आला. निवांत भरलं होतं, आता नवी इमारत उठत होती, नवं माहितीपत्रक हवं होतं. "मॅडम, या वेळी राहणाऱ्यांचे अनुभव टाकू. आणि पहिला मान तुमच्या नानांचा. तुमच्याच हातानं लिहा. लोक डोळे झाकून येतील."

एका सकाळी ती निवांतला गेली. नाना लिंबाच्या सावलीत बाकावर बसले होते, शेजारी अप्पाराव नावाचे पाचोडचे एक म्हातारे. तिला बघून नाना घाईनं उठले आणि अप्पारावांना म्हणाले, "ही बघा, आली." अप्पारावांनी तिला हात जोडले. "तुमच्या नानाच्या तोंडात सारखं तुमचंच नाव. माझी पोरं तर फोन बी उचलत नाहीत, बाई," असं म्हणत ते काठी टेकत आत गेले.

नाना वाळले होते. सदरा तोच होता, पण गळ्याशी सैल झालेला. तिनं "घरी चला" असं पुन्हा एकदा म्हणून बघितलं. नानांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि विचारलं, "ते अनुभवाचं लिहायला आलीस ना? मग लिही. मी सांगतो."

ती मोबाईल काढून बसली. नाना कारखान्यातल्या सुपरवायझरसारखे ताठ बसून सांगायला लागले. "लिही, इथं जेवण टायमावर मिळतं. लिही, माणसं चांगली हायेत. संध्याकाळी मी वंदना म्हणतो, तर बाकीचे बी येऊन बसतात." ती लिहीत गेली. मग नाना थांबले, फाटकाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आन लिही, माझी लेक दर आयतवारी भेटायला येती."

तिचं बोट थांबलं. "नाना, मी कुठं येते हो?"

"तू लिही."

"पण खोटं कसं लिहू मी?"

नाना तिच्याकडं सरकले. आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणी नाही ना बघून म्हणाले, "इथं समद्यांना म्या तसंच सांगितलंय. दर आयतवारी मी ह्या फाटकाबाहेर जाऊन घंटाभर टपरीवर बसतो आन येऊन सांगतो की लेक बाहेरूनच भेटून गेली, घाईत व्हती. पर आताशा त्यास्नी पटंना झालंय. छापून आलं म्हंजी पटंल. तुह्या लिहिण्यात लई ताकद हाय, माय."

रत्नमालाला समोरचं दिसेना. पदरानं डोळे पुसावे तर ड्रेसला पदर नव्हता, तिनं तळहातानंच तोंड पुसलं. तिला म्हणायचं होतं की नाना, मी येईन, पुढच्या रविवारपासून खरंच येईन. पण हे वाक्य आपण किती वेळा लिहून पाठवलंय ते तिला आठवलं आणि तिनं ते तोंडातल्या तोंडात गिळलं.

मग तिनं लिहिलं, "माझी लेक दर रविवारी मला भेटायला येते."

"वाच बरं," नाना म्हणाले.

तिनं वाचलं. नानांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "झ्याक. आता कुणाला बी पटंल."